भीतीला चेहरा कोणाचा द्यायचा?

गेल्या चातुर्मासात आमच्या देवासच्या घरी घडलेली ही गोष्ट आहे. आर्यिका माताजींचा संघ गावात होता आणि त्या दिवशी आमच्याकडे चौका लागला होता. ज्यांच्या घरी चौका लागतो त्यांना त्या सकाळची धांदल सांगायला नको. पहाटे उठून पाणी गाळायचं, तापवायचं, धान्य निवडून ठेवलेलं असलं तरी पुन्हा एकदा निवडायचं. सगळं शोधून, बघून, जपून. आम्ही सोवळ्यात दाराशी उभे राहिलो. माझा सहा वर्षांचा नातू हातात श्रीफळ घेऊन सगळ्यांच्या पुढे. आठवडाभर तो या क्षणाची तयारी करत होता.

माताजी गल्लीच्या वळणावर दिसल्या. पांढरी साडी, डोक्यावर पदर, हातात पिच्छी. आम्ही म्हणायला लागलो, ‘वंदामि माताजी, अत्र तिष्ठ तिष्ठ...’ आणि नातू किंचाळला. ‘आजी, ती आली! फोनमधली ती आली!’ श्रीफळ त्याच्या हातून पडलं आणि तो माझ्या पाठीमागे लपला. रडणं काही थांबेना. माताजी क्षणभर थांबल्या, त्याच्याकडे बघितलं आणि पुढच्या दाराकडे वळल्या.

आहार त्यांचा दुसऱ्या घरी झाला. आमचा चौका तसाच राहिला. माझ्या मनात काय झालं असेल ते तुम्ही बायका समजू शकाल. मी पोराला रागावणार होते. पण संध्याकाळी दर्शनाला गेले आणि क्षमा मागितली, तेव्हा माताजी एवढंच म्हणाल्या, ‘त्याला रागावू नका. ती भीती त्याची नाही. त्याला कोणीतरी दिली आहे. कोणी दिली ते बघा.’

कोणी दिली ते शोधायला लांब जावं लागलं नाही.

माझी भाची धारला राहते. चित्रकला शिकली आहे, हात चांगला आहे. तिला एका भयकथांच्या ध्वनिमालिकेचं काम मिळालं होतं. मालिका म्हणजे फक्त ऐकायची, कानात घालून. माळव्यातला एक जुना वाडा, त्यात एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी, असं काहीसं. वाडा खोटा, माणसं खोटी. भाचीनं त्या मालिकेचं मुख्य चित्र केलं आणि आनंदानं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं. पांढरी साडी, डोक्यावर पदर, पदराच्या सावलीत चेहरा नाही, नुसता अंधार. मी त्याखाली लिहिलं, ‘शाब्बास गं पोरी!’ आणि तेच चित्र मी माझ्या भिशीच्या मैत्रिणींनाही पाठवलं. नातवाच्या हातात माझाच फोन असतो.

म्हणजे ती भीती माझ्या हातून गेली होती.

पुढच्या आठवड्यात मी धारला गेले. भांडायलाच गेले म्हणा ना. पण भाचीनं आधी मला तिचं काम दाखवलं, आणि ते बघून मी जरा गप्प झाले. मी विचारलं होतं, ‘ऐकायच्या गोष्टीला चित्रं कशाला लागतात गं?’

तिनं टेबलावर आलेखाचे कागद पसरले. त्यावर सगळा वाडा काढलेला. ‘मावशी, चित्र नसलं तर प्रत्येकाचा वाडा वेगळा होतो. लेखकाच्या मनात जिना डावीकडे, आवाज देणाऱ्या मुलीच्या मनात उजवीकडे. ऐकणाऱ्याच्या दोन्ही कानांत यंत्र असतं. दुसऱ्या भागात दार डाव्या कानाशी वाजलं आणि पाचव्या भागात उजव्या, तर त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटतं. का ते कळत नाही, पण गोष्टीवरचा विश्वास जातो.’ मग तिनं दाखवलं, कोणत्या खोलीत फरशी, कुठे शेणानं सारवलेली जमीन, कुठे लाकडी माडी. कारण पावलाचा आवाज प्रत्येक ठिकाणी निराळा. तळघराचं चित्र काढण्याआधी ती मांडवला जाऊन आली होती. तिथल्या चंपा बावडीच्या पायऱ्या आणि तिला जोडलेल्या जमिनीखालच्या कमानीच्या खोल्या तिनं बघितल्या, तिथे टाळी वाजवून घुमणारा आवाज ऐकला आणि मग तळघराची उंची ठरवली. बाहेरचं मोठं चित्र मात्र वेगळ्या कारणासाठी. फोनवर ते नखाएवढं दिसतं, आणि तेवढ्यात बघणाऱ्याचं बोट थांबलं पाहिजे.

‘बोट थांबावं म्हणून तू पांढरी साडी काढलीस?’ मी विचारलं.

‘मावशी, भूत म्हटलं की लोकांना तेच दिसतं. नखाएवढ्या चित्रात समजावून सांगायला जागा नसते.’

मी नातवाची गोष्ट सांगितली. ती पांढरी पडली. पण पोरगी हुशार आहे, लगेच हरणारी नाही. म्हणाली, ‘मला वाईट वाटलं. पण एक सांग. आपल्या मंदिराच्या भिंतीवर नरकाची चित्रं असतात. करवतीनं माणसं कापतायत, तेलात तळतायत. लहानपणी ती बघून मला ताप आला होता. तेव्हा तूच मला म्हणाली होतीस, नीट बघ. ते चित्र चालतं, माझं का नाही?’

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे तयार नव्हतं. तुमच्याकडे आहे का, विचार करून बघा.

आपल्या घरातून या प्रश्नाला एक सोपं उत्तर मिळेल. श्रावकाच्या अनर्थदंडव्रतात पाच गोष्टी सोडायला सांगितल्या आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. यातली दुःश्रुती म्हणजे मन मलिन करणाऱ्या कथा ऐकणं. म्हणजे भयकथा ऐकायची नाही, तिचं चित्र काढायचं नाही, विषय संपला. पण असं म्हणताना माझा मलाच राग आला. कारण मी लहान असताना रात्री रेडिओशी कान लावून बसलेली मुलगी आहे. इंदूरचं आकाशवाणी केंद्र 1955 साली सुरू झालं आणि आमच्या माळव्यात घराघरांत रात्रीची नाटकं आली. नारायण धारपांची पुस्तकं मी वर्तमानपत्राचं कव्हर घालून वाचलेली आहेत. त्या कथांनी मी बिघडले असं मला वाटत नाही. उलट अंधारात एकटीनं परसात जायला मी त्या पुस्तकांनंतरच शिकले. भीती ऐकून घेतली की तिची थोडी सवय होते, हेही खरंच आहे.

आणि आमचं देवास हे ऐकण्याचं गाव. 1948 साली कुमार गंधर्व क्षयानं आजारी होऊन इथे आले. काही वर्षं गाणं बंद होतं. अंथरुणावर पडून त्यांनी या मातीतली गाणी ऐकली आणि त्यातून पुढचं गाणं उभं राहिलं. नुसत्या ऐकण्यात केवढी ताकद असते हे या गावाला सांगायला नको. 1938 च्या ऑक्टोबरात अमेरिकेत ऑर्सन वेल्सनं मंगळावरच्या लोकांचा हल्ला रेडिओवर बातम्यांसारखा सादर केला, तेव्हा काही ऐकणाऱ्यांना ते खरंच वाटलं. किती जण घाबरले याच्या आकड्याबद्दल पुढे वर्तमानपत्रांनी फार वाढवून लिहिलं, पण काही घाबरले हे नक्की. त्यांच्यापुढे एकही चित्र नव्हतं. प्रत्येकानं आपापल्या मनातला मंगळवासी बघितला.

हाच मला फरक वाटतो. नुसतं ऐकताना भूत ज्याचं त्याचं असतं. चित्र काढलं की सगळ्यांच्या भुताला एकच चेहरा मिळतो. तो चेहरा कोणाचा द्यायचा, हे ठरवणारा माणूस एक फार मोठं काम करत असतो. आणि तो बहुतेक वेळा, माझ्या भाचीसारखा, घाईत असतो.

या कामाला आपल्या शास्त्रात अगदी नेमका शब्द आहे, आणि गंमत म्हणजे तो शब्द आपण रोज वापरतो. माळेत 108 मणी का, हे लहानपणी पाठ केलेलं आठवतंय ना? संरंभ, समारंभ आणि आरंभ हे तीन. मन, वचन, काया हे तीन. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि कोणी केलं त्याला संमती देणं हे तीन. आणि क्रोध, मान, माया, लोभ हे चार कषाय. तीन त्रिक नऊ, नऊ त्रिक सत्तावीस, सत्तावीस चोक एकशेआठ. यात संरंभ म्हणजे मनात ठरवणं, समारंभ म्हणजे त्याची साधनं जमवणं, तयारी करणं, आणि आरंभ म्हणजे प्रत्यक्ष सुरू करणं. आपण लग्नाला समारंभ म्हणतो, पण मूळ अर्थ तयारी. भाचीचं सगळं काम समारंभाचं आहे. गोष्ट तिनं लिहिली नाही, ती बोलून दाखवणारीही दुसरीच. पण खोली किती काळी, पदर किती पुढे, हे तिनं जमवलं. आणि संमती देणारी कोण? ‘शाब्बास गं पोरी’ लिहिणारी मी. त्या 108 मण्यांपैकी एका मण्यावर माझं बोट अडकून बसलं, ते अजून सुटलेलं नाही.

भाची म्हणाली, ‘पण मावशी, सगळं खोटं आहे. कोणी मेलं नाही, कोणाला मारलं नाही.’

तेव्हा मी तिला यशोधराची गोष्ट आठवून दिली. आपल्या घरांत ती सगळ्यांना माहीत असते, आणि ती दूरची नाही, आमच्या शेजारच्या उज्जैनची आहे. सोमदेवसूरींनी इ.स. 959 मध्ये ती यशस्तिलकात संस्कृतात लिहिली, पुढे 1209 साली जन्न कवीनं कन्नडमध्ये. राजा यशोधराला वाईट स्वप्न पडतं. आई म्हणते, देवीला कोंबड्याचा बळी दे. तो नाही म्हणतो. शेवटी आईच्या शब्दाखातर पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर शस्त्र चालवतो. पिठाचा कोंबडा! त्यात ना रक्त, ना जीव. तरी कथा म्हणते की त्या मायलेकांना जन्मोजन्मी फिरावं लागलं, कधी मोर, कधी कुत्रा, कधी मासा, कधी बकरा, आणि शेवटी खरे कोंबडे.

मी लहान असताना मला ही शिक्षा फार वाटायची. पिठाच्या गोळ्यासाठी एवढं? आता वाटतं, कथेचा रोख पिठावर नाही. मारताना त्याच्या मनात ते पीठ नव्हतं, कोंबडा होता. त्याला कोंबड्याचा आकार दिला म्हणून तर ते कापणं बळी ठरलं. आकार देणाऱ्याचं मन आकारात उतरतं. म्हणून ‘सगळं खोटं आहे’ हे उत्तर आपल्यासाठी पुरेसं नाही. पण म्हणून ‘काही काढूच नको’ हेही उत्तर होत नाही. नाहीतर मंदिराची भिंत आधी पुसावी लागेल.

मग त्या भिंतीकडे पुन्हा बघू या. नरकाच्या चित्रात कापला जाणारा माणूस कोण आहे? चित्रकार म्हणतो, तो तूच आहेस. तू जे केलंस त्याचं हे फळ. मधुबिंदूचं चित्र तर सगळ्यांनी बघितलेलं असतं. विहिरीत फांदीला लोंबकळणारा माणूस, वर हत्ती, खाली साप, काळा आणि पांढरा उंदीर फांदी कुरतडतायत, आणि हा बाबा तोंड उघडून मधाचा थेंब चाटतोय. याहून भयंकर चित्र मला माहीत नाही. पण त्यात भ्यायचं कोणाला? हत्तीला नाही, सापाला नाही. त्या थेंबाच्या लोभाला, म्हणजे स्वतःला. बघून झाल्यावर आपण बाहेर येतो तेव्हा रस्त्यावरच्या कोणाला घाबरत नाही.

भाचीचं चित्र बघितलेला पोरगा मात्र रस्त्यावरच्या एका बाईला घाबरला. आणि ती बाई कोण? जिनं सगळ्या जीवांना अभय देण्याचं व्रत घेतलं आहे ती.

मी तिला म्हटलं, ‘तू भूत काढलंच नाहीस. तू पांढऱ्या साडीतली बाई काढलीस.’ आमच्या सासरी एक आत्याबाई होत्या. लहानपणी लग्न, लहानपणीच नवरा गेला. आयुष्यभर पांढरं लुगडं. शुभकार्यात त्यांना कोणी पुढे बोलवायचं नाही, आणि सकाळी कोणी बाहेर निघालं की त्या स्वतःच दाराआड व्हायच्या. ज्या बाईला सगळ्यांनी दाराआड ठेवलं, तिलाच पुढे कथेत दारामागचं भूत केलं. पांढरी साडी, मोकळे केस, कपाळ रिकामं. हे भुताचं वर्णन कसलं, हे आपल्याच घरातल्या विधवेचं वर्णन आहे. आणि हे नुसतं गोष्टीत राहत नाही. आमच्या माळव्यात डाकीण हा शब्द आजही शिवी म्हणून फिरतो. शेजारच्या राजस्थानला 2015 मध्ये बाईला डाकीण ठरवून छळण्याविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला. छत्तीसगडनं 2005 मध्ये टोनहीच्या नावानं होणाऱ्या छळाविरुद्ध केला. महाराष्ट्रात 2013 मध्ये जादूटोणाविरोधी कायदा आला. चित्रामुळे कोणी डाकीण ठरते असं मी म्हणत नाही. पण ज्या बाईवर लोकांचा आधीच संशय आहे, तिचाच चेहरा पुन्हा पुन्हा भीतीला दिला, तर आपण संशयाच्या बाजूनं उभे राहतो.

भाची बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘मग काय काढू? भीती तर दाखवायचीच आहे. त्याचेच पैसे आहेत.’

तिच्या पैशाला मी हलकं मानत नाही. तिच्या घरचं अर्धं भाडं त्या कामातून निघतं. उपदेश करणाऱ्या मावशीचं भाडं मावशीच्या मुलानं भरलेलं असतं, हे मला कळतं.

तेव्हा मला धारचीच एक मूर्ती आठवली. ती आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्या नावावरून वाद आहे, त्यात मी इथे शिरत नाही. पण तिच्या पायथ्याच्या लेखात संवत 1091, म्हणजे इ.स. 1034 हे साल आहे, अंबेची मूर्ती करवल्याचा उल्लेख आहे आणि घडवणाऱ्याचं नाव मणथल असं आहे. आपली अंबिका यक्षी. तिची कथा आठवा. अग्निला नावाची गृहिणी. श्राद्धाचा स्वयंपाक ब्राह्मणांच्या आधी मुनींना दिला म्हणून नवऱ्यानं घराबाहेर काढली. दोन पोरांना घेऊन ती गिरनारवर गेली. मागून नवऱ्याला पश्चात्ताप झाला आणि तो तिला परत न्यायला आला. तिला वाटलं, मारायला आला. भीतीनं तिनं कड्यावरून उडी टाकली. तो क्षमा मागायला येत होता! पण तोवरच्या वागण्यानं त्यानं आपल्या चेहऱ्याला जे रूप दिलं होतं, तेच तिला दिसलं. पुढे ती यक्षी झाली आणि तो तिचा सिंह.

ही भयकथाच आहे, मैत्रिणींनो. आणि यातलं भूत पांढऱ्या साडीतलं नाही, घरचंच आहे. मणथलाला कडा कोरता आला असता, पडणारी बाई कोरता आली असती. बघणारे जास्त थबकले असते. पण अंबिकेची मूर्ती घडवणाऱ्यांनी पडणारी बाई कोरली नाही. त्यांनी उभी राहिलेली बाई कोरली, आणि जो भ्यायला लावत होता त्याला सिंह करून तिच्यापाशी ठेवला.

भाचीनं ते ऐकलं. तिनं लगेच मान डोलावली असं नाही. म्हणाली, ‘देवीचं वेगळं, मावशी. माझ्याकडे नखाएवढी जागा आहे.’ पण चार दिवसांनी तिनं नवं चित्र पाठवलं. या वेळी ग्रुपवर नाही, फक्त मला. वाड्याचं बंद दार. दाराखालून उजेडाची एक रेघ. उंबऱ्याबाहेर काढलेल्या चपलांचे दोन जोड, आणि तिसऱ्या जोडाची एकच चप्पल. बाई नाही, चेहरा नाही. बघितलं आणि माझ्या अंगावर काटा आला. ज्याला त्याला आपलंच दार आठवेल असं ते चित्र होतं.

पुढे सगळं छान झालं असं सांगायला मला आवडलं असतं. मालिकावाल्यांनी आधीचं चित्र सगळीकडे लावलेलं होतं, ते काढलं नाही. नवं चित्र पुढच्या भागांसाठी घेतलं, त्याचे वेगळे पैसे दिले नाहीत. पहिलं चित्र अजून फिरतंय. कोणाच्या तरी नातवापर्यंत आजही पोचत असेल. हे भाचीला माहीत आहे, मलाही. काढलेलं चित्र आणि पुढे पाठवलेला निरोप परत बोलावता येत नाही, आणि आलोचना करताना मी हे दरवेळी बोलते.

एका रात्री मी तिच्या मालिकेचा एक भाग ऐकलाही. तळघराच्या पायऱ्यांचा आवाज आला, आणि मला पायऱ्या कुठे वळणार ते आधीच माहीत होतं, तरी मी घाबरले. चांगलं काम होतं. ती दुःश्रुती झाली का? झाली असेल. पण ऐकून उठले तेव्हा मला कोणा माणसाची भीती वाटत नव्हती, एवढं मी बघून घेतलं. सध्या माझी कसोटी एवढीच आहे, माझीच मला लावलेली.

आमच्या देवासच्या टेकडीवर दोन देवी आहेत, तुळजाभवानी आणि चामुंडा. त्यांचे मोठे डोळे बघून इथलं कोणतंही पोर घाबरत नाही, कारण पहिल्यांदा बघताना आईनं हात धरलेला असतो. म्हणून चातुर्मास संपायच्या आधी मी नातवाचा हात धरून त्याला रोज संध्याकाळी माताजींकडे नेलं. पहिले काही दिवस तो माझ्या पदराआड. मग एकदा त्यानं विचारलं, ‘आजी, माताजी खाली बघून का चालतात?’

मी म्हटलं, ‘चार हात पुढची जमीन बघून चालतात. पायाखाली मुंगी आली तर तिला लागू नये म्हणून.’

तो विचार करत बसला. ‘म्हणजे मुंगी त्यांना घाबरत नाही?’

‘नाही.’

‘बरं,’ म्हणाला, आणि माताजी उठल्या तेव्हा त्यांच्या वाटेतली स्वतःची चप्पल त्यानं पटकन उचलून बाजूला ठेवली. ठेवण्याआधी खाली वाकून त्याखाली काही आहे का, तेही बघितलं.

यशोधराच्या कथेतल्या त्या मायलेकांना सगळे जन्म फिरून शेवटी माणसाचा जन्म मिळाला, तेव्हा त्यांची नावं होती अभयरुची आणि अभयमती. एवढं भय भोगल्यावर नावात अभय आलं. आमच्या घरी एका चित्रापासून एका मुंगीपर्यंत यायला चार महिने लागले.